नाट्यपदांतल्या शब्दखेळाचा आनंद खरा, की तो सगळा सुरांचाच प्रताप?

प्रश्नकर्त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. संगीत नाटकांच्या पदांमध्ये शब्दांची म्हणून काही स्वतंत्र गंमत असते का, आणि असल्यास नवख्या श्रोत्याने कोणत्या पदांपासून सुरुवात करावी. यांपैकी पहिला प्रश्न आमच्या घरात माझे मामा वर्षानुवर्षे उत्तरासकट विचारीत आले. मामा ऑर्गन उत्तम वाजवीत आणि त्यांचे ठाम मत असे की नाट्यपदातले शब्द ही स्वर टांगायची खुंटी आहे. खुंटी सागवानी असो की बाभळीची, वरचा अंगरखा तोच दिसतो. हे मत मला तेव्हाही पटले नव्हते.

सांगलीकडच्या एका हौशी मंडळात आम्ही ‘संगीत शारदा’ बसवीत होतो. त्याचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल तिथून जवळच्या हरिपूरचे, त्यामुळे १८९९ सालचे हे नाटक त्या भागात अजून घरचे मानले जाते. म्हाताऱ्या नवरदेवाशी लग्न ठरलेल्या शारदेच्या मैत्रिणींपैकी मी एक होते आणि ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद माझ्या वाट्याला आले होते. मामांना ते भरभर म्हणून घेऊन अंतऱ्यांमध्ये दोन-चार झकास ताना हव्या होत्या. माझा आग्रह वेगळा होता. ‘म्हातारा इतुका’ येथे क्षणभर थांबायचे आणि मग ‘न’ उच्चारायचा, कारण त्या थांबण्यापर्यंत ऐकणाऱ्याला वाटते की नवरदेवाच्या वयाची तक्रार चालली आहे, आणि एका अक्षराने त्या तक्रारीची एकदम वकिली होते. पुढे ‘पंच्याहत्तर’ न म्हणता ‘पाऊणशे’ म्हटल्यामुळे शंभराला अजून पाव हिस्सा कमीच आहे, असा हिशेब कानात आपोआप होतो आणि ‘अवघे’ हा शब्द त्यावर शिक्का मारतो.

खरी बहार पुढच्या ओळींत आहे. ‘दंताजींचे ठाणे उठले, फुटले दोन्ही कान, डोळे रुसले काही न बघती, नन्ना म्हणे ती मान.’ दातांना ‘जी’ लावून देवलांनी त्यांना ठाणेदाराच्या पंक्तीला बसवले, आणि ठाणे उठले म्हटल्याबरोबर आपण एखाद्या ढासळत्या संस्थानात येऊन पोहोचतो. म्हणून ‘फुटले दोन्ही कान’ हे केवळ बहिरेपणाचे वर्णन उरत नाही; ज्या अर्थाने आजही आमदार फुटतात त्याच अर्थाने हे कान धन्याला सोडून गेले आहेत. डोळे रुसलेल्या मानकऱ्यांसारखे बघेनासे झाले आहेत. राहता राहिली मान, तर ती म्हातारपणाने लटलटते, म्हणजेच या लग्नाला सारखी नकार देते. अख्ख्या देहात शहाणपण उरले आहे ते तिच्यापाशीच. चार तुकड्यांत एवढे बसवणाऱ्या माणसाच्या शब्दांना खुंटी म्हणायचे असेल तर म्हणणाऱ्याने आधी एक तरी अशी खुंटी घडवून दाखवावी.

तालमीत मामांचे म्हणणे एकच होते, की हे बारकावे प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत. प्रयोगाच्या रात्री मी ‘इतुका’वर थांबले. मामांचा स्वर पुढे गेला होता, तो त्यांना धरून ठेवावा लागला, आणि तेवढ्यात पुढच्या रांगांतल्या बायकांनी तो ‘न’ माझ्या आधी म्हणून टाकला. मग जे हसू उसळले ते पहिला अंतरा सुरू झाला तरी ओसरले नव्हते. पडदा पडल्यावर मामा म्हणाले, “लोक तुझ्या चेहऱ्याला हसले.” त्या बायकांनी उच्चारला होता तो शब्द, चेहरा नव्हे, परंतु मामांपुढे हा युक्तिवाद कधी टिकला नाही.

ही कामगिरी किती अवघड होती हेही लक्षात घ्यावे. त्या काळी बहुधा चाल आधीपासून तयार असे, छापील नाटकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख असे, आणि त्या मापात अर्थ, यमक व विनोद बसवावा लागे. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त नारद ‘राधाधर मधुमिलिंद’ म्हणतो तेव्हा कानाला प्रथम गिरिधरासारखा ‘राधाधर’ ऐकू येतो. संधी सोडवल्यावर मात्र राधेच्या अधरांवरचा मध चाखणारा भुंगा निघतो. भजनाच्या वेषात शृंगार आत येतो, आणि ज्या नाटकात पुढे अर्जुनच यतीचा वेष घेऊन सुभद्रेच्या महालात शिरतो त्याच्या आरंभी असे पद असावे, हे मला फार मार्मिक वाटते.

‘संशयकल्लोळ’ हे देवलांचे शेवटचे, १९१६ सालचे नाटक. त्यात पुरुषांची नावे महिन्यांवरून आणि बायकांची नक्षत्रांवरून आहेत: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती. आता ज्या फाल्गुनरावाला बायकोचा संशय येतो तिचे नाव कृत्तिका, आणि पंचांगाप्रमाणे कृत्तिका ही कार्तिकाची! देवलांनी हे योजून केले असेल असा माझा दावा नाही, पण हसू आल्यावाचून राहत नाही.

माझ्या मते नाट्यसंगीताच्या मैफलींनी शब्दांचे नुकसान केले. पद नाटकातून उचलून बैठकीत आणले, धृपद, म्हणजे पहिली ओळ, तेवढे घोळवले आणि अंतरे टाकले. विनोद बहुतेकदा अंतऱ्यातच असतो. बालगंधर्वांच्या काळातल्या वन्समोअरलाही मी यात धरते. मात्र स्वतः बालगंधर्वांचे शब्दोच्चार इतके स्वच्छ होते की त्यांच्या नावाने शब्द गिळणाऱ्यांनी त्यांची साक्ष काढू नये. शिवाय प्रत्येक पदात असा खेळ असतो असेही नाही. कित्येक पदे निव्वळ संस्कृत समासांची ओझी आहेत आणि तिथे मामांची खुंटी अगदी बरोबर बसते.

सुरुवात करायचीच असेल तर ‘शारदा’ किंवा ‘संशयकल्लोळ’ची छापील संहिता मिळवावी, पद कोण कोणाला कोणत्या प्रसंगी म्हणत आहे ते वाचावे, आणि मगच ध्वनिमुद्रण लावावे. त्यात अंतरे गाळलेले असतील तर दुसरे शोधावे. आणि घरात कोणी ऑर्गन वाजवणारे वडीलधारे असतील, तर ‘फुटले दोन्ही कान’ ही ओळ त्यांच्याकडून एकदा बिनसुरात, नुसती वाचून घ्यावी.