निम्मं ट्रेनिंग झालेल्या पोराला

अरे, तुझी आई काल सांगत होती, फोनवर तू हल्ली फार कमी बोलतोस. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरात निम्मं ट्रेनिंग झालं की असं होतंच. नवलाई सरलेली, शेवटी शपथ घ्यायची ती कसम परेड लांब, त्यात गणपती तोंडावर. कोकणातल्या पोराला हे दिवस जड जाणारच, त्यात लाज कसली!

पायांकडे मात्र लक्ष दे. तू गुहागरच्या वाळूत धावलेला. तिथे जमीन टणक आणि पायात बूट. नडगीच्या आतल्या बाजूने बोटाने दाबत जा. लांबवर सारखंच ठणकत असेल तर बहुतेक वेळा ताण असतो. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कळ येत असेल तर त्याच दिवशी एमआय रूम, म्हणजे सेंटरातला दवाखाना, गाठ. हाडाला बारीक चीर असू शकते. रेलीगेट होऊ, म्हणजे मागच्या बॅचला टाकतील, या भीतीने दुखणं लपवणारी पोरंच जास्त मागे पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. झोपताना बोटांच्या बेचक्या कोरड्या कर.

बीपीईटीच्या, म्हणजे लढाईच्या शारीरिक चाचणीच्या, 5 किलोमीटरला पहिल्या किलोमीटरमध्ये दम संपवू नकोस. उभ्या दोरावर हातांनी ओढू नको, माडावर चढतोस तसं पायांनी रेट.

तुझा बडी, म्हणजे जोडीदार, घाटावरचा ना? पोहायला घाबरत असेल तर उस्तादांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, देखत त्याच्यासोबत उतर. फायरिंगच्या आदल्या रात्री त्याची झोप मोडू देऊ नकोस, तुझीही नको.

आणि रविवारी फोन केलास की काय जेवलास ते आधी सांग. तुझी आई तेच विचारायला बसलेली असते.