टायर आतून खातोय, रॅकच बदलायचा का?

प्रश्न: गाडी आठ वर्षं जुनी आहे. खड्ड्यात गेली की पुढून खटखट आवाज येतो, स्टीअरिंग थोडं इकडेतिकडे हललं तरी चाक वळत नाही आणि पुढचा डावा टायर आतल्या बाजूने खातोय. अलाइनमेंट दोनदा करून झालं, महिन्याभरात परत तेच. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण रॅक (स्टीअरिंग फिरवलं की डावीउजवीकडे सरकून चाकं वळवणारा भाग) बदला. खरंच गरज आहे का?

उत्तर: असेलही, पण एवढ्यावरून नाही सांगता येत. आणि प्ले (सांध्यातला ढिलेपणा) असलेल्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया, कारण मशीनवर सेट केलेलं माप सांधा ढिला असेल तर रस्त्यावर टिकतच नाही, जे करतात त्यांनी आधी चाक हलवून बघायला हवं होतं खरं तर.

आधी ढिलं काय आहे ते शोधा. चाकं जमिनीवरच ठेवा, एकाला आत बसवून स्टीअरिंग थोडंथोडं डावीउजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅककडून चाकाकडे जाणाऱ्या रॉडच्या चाकाकडच्या सांध्यावर हात ठेवा. रॉड आधी हलतो आणि चाकाकडचा आर्म मागाहून, तर टाय रॉड एंड गेला. तिथे ठीक असेल तर रॅकच्या रबर बूटवरून चिमटीत पकडून बघा, आत टकटक लागली तर रॅक एंड, म्हणजे त्याच रॉडचा रॅककडचा सांधा. तो स्वतंत्र मिळतो, त्यासाठी रॅक बदलायचा नसतो, हे बऱ्याच जणांना सांगितलंच जात नाही! बूट फाटलाय का तेही बघा, धूळपाणी तिथूनच आत जातं. हायड्रॉलिक स्टीअरिंग असेल आणि बूटमध्ये ऑइल साठलं असेल तर मात्र रॅकचं सील गेलंय, मग गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर.

मग जॅक लावा, पण नुसत्या जॅकवर नाही, खाली स्टँड हवाच. मागच्या चाकांना अडथळा लावा, हँडब्रेक ओढा. टायर घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा, प्ले फक्त तिथेच लागला तर स्टीअरिंगचा सांधा, १२ आणि ६ वर लागला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा चाकाजवळचा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, प्ले गायब झाला तर बेअरिंग.

प्रश्न: टाय रॉड एंड घरी बदलता येतो का?

उत्तर: येतो, पाने आणि पुलर (सांध्याची घट्ट पिन सोडवायचं अवजार) असेल तर. चेक नट (एंड रॉडवर जागेवर धरून ठेवणारा) थोडाच ढिला करा आणि जुना एंड काढताना किती फेरे फिरला ते मोजून लिहून ठेवा, नवा तेवढेच फेरे बसवला की गाडी अलाइनमेंटला नेण्याइतपत सरळ चालते. पिन आर्ममध्ये घट्ट बसलेली असते, तिच्या आट्यांवर हातोडा मारू नका, पुलर नसेल तर आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे पिन बसते त्या भोकाभोवतीच्या भागावर, बाजूने ठोका. स्प्लिट पिनवाला नट असेल तर टॉर्क (नट किती आवळायचा त्याचं माप) मॅन्युअलमधला घ्या आणि भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळा, मागे कधीच सोडायचा नाही. स्प्लिट पिन नवीनच. आत नायलॉनची रिंग असलेला नट असेल तर तोही नवीन, जुना परत वापरणारे खूप आहेत पण हा स्टीअरिंगचा नट आहे बाबा. एकच बाजू गेली असेल तर दोन्ही बदलायलाच हव्यात असं काही नाही, दुसरी तपासा म्हणजे झालं. अलाइनमेंट मात्र लगेच.

प्रश्न: ८०-९०च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं, टाय रॉड का?

उत्तर: ठरावीक स्पीडलाच थरथरत असेल तर आधी पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या आणि रिम वाकलीय का बघा. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्क बघायला सांगा.