तालीम, तर्बियत आणि अदब

प्रश्न असा आहे: इस्लामी शिक्षणावरच्या लेखनात ‘तालीम-ओ-तर्बियत’ ही जोडी वारंवार येते. दोन्हींचा अर्थ शिक्षणच, तर दोन शब्द कशाला? आणि मराठीत काय लिहावं?

ही द्विरुक्ती नाही. ‘तालीम’ हा ‘इल्म’च्या, म्हणजे ज्ञानाच्या, कुळातला शब्द; आलिम (विद्वान), उलेमा (विद्वान मंडळी) त्याचेच भाऊबंद. त्यात येतं ते ज्ञान देणं, पाठ शिकवणं. मराठीत तो आखाड्यात उतरला आणि नाटकवाल्यांकडेही गेला, म्हणून आपल्याला आधी लाल माती आठवते. ‘तर्बियत’च्या मुळाशी वाढवणं, जोपासणं आहे. सवयी, स्वभाव, नियत यांना वळण लावायचं ते तिने. आणि तर्बियत करणारा तो ‘मुरब्बी’! ‘मुरब्बी राजकारणी’ म्हणतो त्यातला हाच. ‘मुरणे’शी त्याची सोयरीक आपण मागाहून जुळवली.

खरी गंमत तिसऱ्या शब्दात आहे. ‘अदब’ मराठीत अदबीने बोलण्यापुरती उरली. मूळ परंपरेत गुरूपुढे कसं बसावं इथपासून ज्याला त्याला त्याचं योग्य स्थान देण्यापर्यंत सगळं तिच्यात येतं. मदिनेचे थोर धर्मशास्त्री इमाम मालिक यांना लहानपणी रबीआ या विद्वानांकडे शिकायला धाडताना आईने बजावलं, की त्यांच्या इल्मआधी त्यांची अदब शिक, असं सांगतात. १९७७ साली मक्केत मुस्लिम शिक्षणावरची पहिली जागतिक परिषद भरली. मलेशियाचे विचारवंत सय्यद नकीब अल-अत्तास यांनी तिथे ‘तादीब’चा, म्हणजे अदब अंगी बाणवण्याचा, आग्रह धरला. तर्बियत काय, रोपट्याची आणि जनावराचीही होते, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो, पण उर्दूत रुळलेली जोडी त्याने मोडणार नाही.

कुराणात शिकवण्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते: ‘तज्किया’, मनाची शुद्धी. अल्-बकरा अध्यायात १२९व्या आयतीत, प्रेषित इब्राहीम यांच्या प्रार्थनेत, शिकवणं आधी आणि शुद्धी नंतर आहे; १५१व्या आयतीत क्रम नेमका उलटा.

आता मराठीचं. ‘तालीम’साठी ‘शिक्षण’ चालेल. ‘तर्बियत’साठी ‘संस्कार’ चटकन सुचतो, पण त्याला विधींचा वास आहे. मी ‘जडणघडण’ घेईन. याच लेखनात भेटणाऱ्या ‘अखलाक’ला, म्हणजे माणसाच्या नैतिक वळणाला, ‘शील’ छान बसतं, ‘चारित्र्य’ही. ‘अदब’ मात्र तशीच ठेवावी आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात तिचा व्यापक अर्थ सांगून टाकावा.