घरी बनवलेला कीबोर्ड कंप्युटर ओळखतच नाही : तुमचे प्रश्न

ह्या वेळी आपल्या इंदूरातूनच चार प्रश्न आलेत आणि चौघांचेही कीबोर्ड हाताने बनवलेले आहेत. सगळ्यांना एक गोष्ट आधी सांगते, कंप्युटर ओळखतो तो आतल्या चिपला, बटणांना नाही. फर्मवेअर (चिपला कीबोर्डचं काम शिकवणारा प्रोग्राम) टाकलेली चिप नुसती टेबलावर ठेवून केबल लावली, एकही स्विच जोडलेला नसला, तरी कंप्युटरला ती कीबोर्ड म्हणून दिसते. त्यामुळे ओळखत नाही म्हणून स्विच आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे बारीक पार्ट) उखडायला बसू नका, प्लीज.

प्रश्न : ताई, ६५ कीजचा कीबोर्ड हाताने वायरिंग करून बनवला, प्रो मायक्रो (चिप असलेला छोटा बोर्ड) लावलाय. लाल लाइट लागतो पण लॅपटॉपवर टुंग आवाजसुद्धा येत नाही. दोन रात्री बसून अर्धे डायोड काढून पाहिले. आता काय काढू? (सुदामा नगर, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष)

उत्तर : अरे, आता काहीच काढू नकोस, सोल्डरिंग आयर्न गार होऊ दे. लाल लाइट लागतो म्हणजे ५ व्होल्ट पोचतायत, बस एवढंच कळलं. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन करंटच्या आणि दोन डेटाच्या, आणि ट्रिमर नाहीतर छोट्या स्पीकरबरोबर जी केबल येते तिच्यात पुष्कळदा डेटाच्या तारा नसतातच, मग लाइट लागतो, चार्जिंग होतं आणि कंप्युटरला पत्ताही नसतो. म्हणून ज्या केबलने मोबाइलमधले फोटो कधी लॅपटॉपवर घेतले असशील तीच लाव, आणि हबमधून नको, सरळ लॅपटॉपला.

तरी शांतताच असेल तर पुढचं ऐक. काहीतरी लागलंय हे कंप्युटरला कळतं कसं, तर चिप डी प्लस ह्या तारेला दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टवर ओढून धरते, ते जाणवलं की कंप्युटर विचारतो, कोण तू? 'अननोन यूएसबी डिव्हाइस' असं आलं असतं तर त्याने विचारलं पण उत्तर धड आलं नाही असा अर्थ झाला असता, तेव्हा डेटाच्या तारा बघायच्या, एखादी सुटलेली असते नाहीतर दोघींची अदलाबदल झालेली असते. तुझ्याकडे तो विचारतच नाहीये. म्हणजे केबल, पोर्ट, नाहीतर चिप रिसेटमध्येच अडकून बसलीय, म्हणजे सुरूच होत नाहीये.

मला संशय ह्या शेवटच्याचा आहे. बोर्ड असा धर की पोर्ट वर आणि चिप तुझ्याकडे, आता उजव्या बाजूला वरून खाली रॉ, ग्राउंड, रिसेट, व्हीसीसी असे पिन दिसतील. ग्राउंड आणि रिसेट एकमेकांना खेटून आहेत, मधलं अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर, तिथे सोल्डरचा केसाएवढा जरी पूल झाला तरी चिप कायमची रिसेटमध्ये, आणि लाल लाइट मात्र मजेत चालू! केबल काढ, मल्टीमीटर बीपवर ठेव आणि ह्या दोन पिनांवर टोकं टेकव. बीप वाजली की चोर सापडला. रिसेटचं वेगळं बटण लावलं असशील तर ते दाबलेलं राहिलंय का तेही बघ.

बीप नाही वाजली तर केबल लाव, विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या वस्तूंची यादी) उघडा ठेव आणि चिमट्याने तेच दोन पिन पटपट दोनदा जोड, शेजारच्या व्हीसीसीला मात्र धक्का लागता कामा नये. बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर भरून घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम, साधारण ८ सेकंद जागा राहतो. तेवढ्यात पोर्ट्सच्या यादीत नवीन कॉम पोर्ट येऊन गेला तर तुझी चिप, केबल, पोर्ट सगळं ठणठणीत आहे, फर्मवेअर तेवढं परत टाक.

काहीच नाही आलं तर यूएसबीचा पोर्ट बोटाने हळूच हलवून बघ. माझा पहिला बोर्ड असाच गेला, केबल पायात अडकली आणि पोर्ट खालच्या तांब्याच्या पट्ट्यांसकट उचकटून आला, फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी बोर्ड बसवायच्या आधीच पोर्टच्या दोन्ही बाजूंना थोडं एपॉक्सी लावते, आत जाऊ न देता, आणि बोर्ड सॉकेटवर बसवते, म्हणजे बदलायचा झाला तर २४ पिन सोडवत बसावं लागत नाही.

प्रश्न : आर्डुइनो नॅनो वापरलाय. कंप्युटरवर 'सीएच३४०' असं काहीतरी येतं, कीबोर्ड येतच नाही. ड्रायव्हर तीनदा टाकला. (राऊ)

उत्तर : ड्रायव्हरचा दोष नाही. नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये यूएसबी नसतंच, शेजारची सीएच३४० तिच्या वतीने सिरीयल पोर्ट बनून बोलते, तेव्हा कंप्युटर जे दाखवतोय ते खरंच आहे. एटीमेगा३२यू४ नाहीतर आरपी२०४० चिप असलेला बोर्ड घ्या, त्यांच्यात यूएसबी असतं. महाराणी रोडवरून घ्या की ऑनलाइन, 'आर्डुइनो द्या' एवढंच म्हणू नका, चिपवरचा नंबर वाचून घ्या. तुमचं बाकीचं वायरिंग तसंच कामाला येईल, फक्त पिनांचे नंबर फर्मवेअरमध्ये बदलायचे.

प्रश्न : माझ्या टाइप-सी बोर्डचा कीबोर्ड ऑफिसच्या जुन्या कंप्युटरवर छान चालतो. घरच्या नव्या लॅपटॉपला दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने लावला की लाइटसुद्धा लागत नाही. लॅपटॉप खराब आहे का? (तिलक नगर)

उत्तर : नाही हो, लॅपटॉप चांगला आहे. टाइप-सीमध्ये समोर कोणी आहे ह्याची खात्री झाल्याशिवाय लॅपटॉप करंटच सोडत नाही, आणि ती खात्री पटते बोर्डवरच्या ५.१ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमुळे, सीसी१ आणि सीसी२ ह्या पिनांना एकेक, ग्राउंडकडे. स्वस्त बोर्ड बनवणारे नेमके हेच गाळतात. जुन्या चौकोनी यूएसबीत ५ व्होल्ट कायमच असतात, म्हणून ऑफिसात अडत नाही. एका बाजूने लावला की चालतो, केबल उलटी केली की बंद, असं झालं तर एकच रेझिस्टर जागेवर आहे असं समजा. एवढ्या बारीक जागी रेझिस्टर लावत बसण्यापेक्षा एका टोकाला जुनी यूएसबी असलेली केबल आणि छोटा अडॅप्टर वापरा, मी तरी तेच करेन.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, मराठी टायपिंगसाठी रास्पबेरी पाय पिको ह्या बोर्डवर कीबोर्ड बनवला. कंप्युटर ओळखतो, पण एकही अक्षर उमटत नाही. देवनागरीचं फर्मवेअर वेगळं असतं का? (लोकमान्य नगर)

उत्तर : काका, कंप्युटर ओळखतो म्हणजे मोठा डोंगर तुम्ही चढून आलात. देवनागरीसाठी वेगळं फर्मवेअर लागत नाही. कीबोर्ड फक्त कुठली की दाबली त्याचा नंबर पाठवतो, त्याचा 'क' करायचा की 'के' हे कंप्युटर ठरवतो, विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून इन्स्क्रिप्ट निवडलं की झालं.

अक्षर उमटत नाही त्याला बहुधा डायोड कारण आहेत. तारेचा एक तुकडा घ्या आणि पिकोवरच्या एका रो (बटणांच्या आडव्या ओळीच्या) पिनला एक कॉलम (उभ्या ओळीचा) पिन त्याने थेट जोडा, फक्त ह्याच दोन पिनांना, करंटच्या पिनांना हात लावू नका. अक्षर आलं तर फर्मवेअर बरोबर आहे आणि डायोड उलटे बसलेत. क्यूएमके ह्या कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये 'कॉल टू रो' लिहिलं असेल तर डायोडवरची काळी रेघ रोच्या बाजूला हवी. तुमचे सगळेच एकाच दिशेने उलटे असतील तर एकही काढू नका, फर्मवेअरमध्ये तेवढं 'रो टू कॉल' करा. मग बूटसेल बटण दाबून धरून केबल लावा, पिको पेन ड्राइव्हसारखा उघडेल, नवीन फर्मवेअरची यूएफटू फाईल त्यात टाका आणि नोटपॅड उघडून एकेक की दाबून बघा. एखादीच गप्प राहिली तर तेवढाच डायोड फिरवायचा.