‘थायरॉइड झालं’ म्हणणं चूक आहे का?

दारव्हा तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे : “गावातल्या बाया ‘मले थायरॉइड झालं’ म्हणतात. शिकलेले लोक त्यांना टोकतात, थायरॉइड तर सगळ्यांनाच असतं म्हणतात. पुस्तकात ‘अवटू ग्रंथी’ असं आहे, पण ग्रंथी म्हटलं की बाया घाबरतात, गळ्यात गाठ निघाली समजतात. मग म्हणावं तरी काय? आणि ‘संप्रेरक’ हा शब्द बोलताना वापरायचा का?”

ताई, आधी मी त्या बायांच्या बाजूनं बोलतो. ‘थायरॉइड झालं’ ही बोलण्याची रीत अस्सल मराठी आहे. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो ना? पित्त तर सगळ्यांच्याच शरीरात असतं. ‘कफ झाला’ हेही तसंच. शरीरात मुळातच असलेल्या गोष्टीचं नाव घ्यायचं, पुढं ‘झालं’ लावायचं, आणि ऐकणाऱ्यानं बिघाड ओळखायचा. ‘शुगर झाली’ याच जुन्या वाटेनं आलं. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर जेमतेम चमचाभर असते, पण असते. म्हणून ‘शुगर झाली’ला कोणी हसत नाही. मग थायरॉइडलाही हसू नये.

खरी अडचण निराळी आहे. ‘पित्त झालं’ म्हणजे पित्त वाढलं, हे आपल्या कानाला पक्कं ठाऊक आहे. पित्त कमी पडलं म्हणून कोणी ‘पित्त झालं’ म्हणत नाही. या रचनेत ‘जास्त’ हा अर्थ न बोलता बसलेला असतो. थायरॉइडचं मात्र दोन्हीकडून बिघडतं, आणि कमी पडण्याचा त्रासच जास्त आढळतो. ‘झालं’ म्हटल्यानं कमी की जास्त, तेच कळत नाही.

माझ्या मावशीचं असंच झालं. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला होता. घरात कोणीतरी वाचून सांगितलं, “तुझं थायरॉइड वाढलं.” तिनं गोळ्या बंद केल्या. “आधीच वाढलं हाय, त्यात अजून कायले गोळ्या खाऊ?” चार महिन्यांनी गेलो तेव्हा भर वैशाखात ती गोधडी घेऊन बसलेली, तोंड सुजलेलं, आवाज जड. तिचा हिशेब चुकला नव्हता. तिला मिळालेलं वाक्य चुकलं होतं.

टीएसएच हा थायरॉइडचा रस नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हरभऱ्याएवढ्या पीयूषिकेतून येतो आणि थायरॉइडला कामाला लावतो. गायीखाली वासरू सोडल्यावर काय होतं ते आठवा. दूध नीट येत असलं तर वासरू निवांत पितं. कमी आलं की कासेला ढुशा मारायला लागतं, आणि जितकं कमी तितक्या ढुशा जास्त. टीएसएच म्हणजे त्या ढुशा. ढुशा वाढल्या म्हणून दूध वाढलं असं कोणता गोपालक म्हणेल? टीएसएच वाढला म्हणजे बहुतेक वेळा थायरॉइडचा रस कमी पडला. गोळीत असतं ते त्याच रसातलं थायरॉक्सिन. ते रक्तात पुरेसं झालं की ढुशा हळूहळू थांबतात. याला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला साधारण सहा आठवड्यांनी बोलावतात.

आता ‘ग्रंथी’. संस्कृत ग्रंथि, प्राकृतात गंठि, आणि आपल्या तोंडी गाठ. म्हणजे ग्रंथी ऐकून गाठ समजणारी बाई व्युत्पत्तीला धरूनच समजते. वैद्यकाच्या पुस्तकांनी या शब्दाला रस पाझरणारा अवयव असा खास अर्थ दिला. तो वर्गात चालतो, ओसरीवर चालत नाही. ‘अवटू’ची गंमत त्याहून मोठी. अमरकोशात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, आणि ही ग्रंथी तर समोर, कंठमण्याच्या खाली. ‘थायरॉइड’ हे नाव ग्रीक ढालीवरून आलं, थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्यानं 1656 मध्ये ते या ग्रंथीला दिलं. अवटू काय नि ढाल काय, आजीला दोन्ही सारखेच परके. पण थायरॉइड हा शब्द लॅबच्या कागदावरून चुलीपर्यंत पोचला आहे. तो ठेवा. गावात ‘अवटू’ रुजवण्यात श्रम घालवू नका.

‘संप्रेरक’, म्हणजे इंग्रजीतलं हार्मोन, हा शब्द मात्र मला फार आवडतो. 1905 मध्ये लंडनच्या व्याख्यानांत स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला, तो चालना देणं अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. संप्रेरकात प्र हा उपसर्ग आणि ईर् हा संस्कृत धातू आहे, म्हणजे पुढं हलवणं, कामाला लावणं. इतका नेमका जुळलेला पारिभाषिक शब्द क्वचितच सापडतो. घाम किंवा लाळ नळीतून बाहेर येते. संप्रेरकाला नळी नसते, ते थेट रक्तात मिसळतं आणि दूरच्या अवयवाला जाऊन हलवतं.

आणि ही गोष्ट आपल्या गोठ्यातल्या भाषेला आधीपासून माहीत आहे. तिचं नाव पान्हा. वासरानं कास तोंडात घेतली की गायीच्या पीयूषिकेच्या मागल्या भागातून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं, कासेपर्यंत पोचतं, आणि मिनिटभराच्या आत दूध उतरतं. ते आपण ‘गाय पान्हावली’ या दोन शब्दांत सांगतो. हा पान्हा संस्कृत ‘प्रस्नव’वरून प्राकृत ‘पण्हव’ होऊन आला. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला, कुत्रं भुंकलं, तर गाय ‘पान्हा चोरते’. भीतीनं ॲड्रेनलिन सुटतं आणि दूध अडतं. एक संप्रेरक दुसऱ्याचं काम रोखतं, हेही आपल्या बोलीनं टिपून ठेवलंय. ‘पीयूषिका’तलं पीयूष म्हणजेही गाय व्यायल्यावरचं पहिलं दूध, ज्याचा आपण खरवस करतो.

म्हणून ताई, बायांशी बोलताना ‘संप्रेरक’ हा शब्द आधी पान्ह्यावरून समजावा, मग वापरा. एकदा पान्हा सांगितला की शब्द जड वाटत नाही. आणि ‘थायरॉइड झालं’ म्हणणाऱ्या बाईला टोकू नका. तिच्याच वाक्यात जे राहून गेलं तेवढं घाला : “बाई, तुमचं थायरॉइड कमी पडते. गोळी ते भरून काढते.” छातीत धडधड, हाताला कापरं, खाऊनही वजन उतरणं, असा उलटा त्रास असेल आणि रिपोर्टही तेच सांगत असेल, तर “तुमचं थायरॉइड जास्त चालते.” रिपोर्ट वाचून दाखवताना ‘थायरॉइड वाढलं’ हे दोन शब्द एकत्र येऊच देऊ नका. टीएसएचचा आकडा वेगळा सांगा, ढुशांची गोष्ट सांगा.

गर्भार बायांना हे सगळ्यात आधी सांगा. पहिले काही महिने पोटातल्या लेकराचं स्वतःचं थायरॉइड पुरेसं कामाला लागलेलं नसतं, त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर चालते. तिला म्हणा, “दोघाईचं काम एकाच थायरॉइडवर हाय, म्हणून ते कमी पडू शकते. डॉक्टरले इचारल्याशिवाय गोळी सोडू नका.”