फ्लेक्स छापण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. 8 मार्चला 21 कर्तृत्ववान स्त्रिया, एकाच फ्लेक्सवर. जिजाऊंपासून सुरुवात केलीस, ते रीतीला धरून झालं. पण सिंदखेडराजाला 12 जानेवारीला पाय ठेवायला जागा नसते. जिजाऊंचं तुझ्या फ्लेक्सवाचून काही अडलेलं नाही. मी थबकलो चौदाव्या नावाशी. ताराबाई शिंदे, आणि पुढे दोनच शब्द: ‘थोर समाजसुधारक’. अगं, ही तर आपल्या बुलढाण्याची बाई! तिला दोन शब्दांत गुंडाळलंस?

बाकीची 20 नावं बाजूला ठेव. यंदा एकटी ताराबाई पुरे.

तिचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपल्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण तेवढ्यात वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीचा उद्धार सुरू झाला. ते वाचून या बाईचं डोकं फिरलं आणि तिने ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. 1882 साली पुण्यात छापली, किंमत नऊ आणे. बायकांवर जे जे दोष ठेवले जातात ते एकेक उचलायचे आणि पुरुषांच्या पदरात टाकायचे, असा सगळा मामला. बायको मेली की नवरा दुसरी करायला मोकळा, मग विधवेनेच जन्मभर का कुढायचं, हा तिचा सवाल. भाषा अशी, की समोरासमोर भांडतेय असं वाटावं. आजही दोन पानं मोठ्याने वाच, सभागृहात चुळबूळ सुरू होईल.

तेव्हाही झालीच. तिच्यावर टीका झाली आणि जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली. पण तिचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हे एकुलतं एक पुस्तकही लोक विसरले. 1975 साली संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे ते हातात आलं. मधली 93 वर्षं कुणाच्या तरी कपाटात एखादी प्रत वाळवीच्या तावडीतून वाचली, म्हणून तुझ्या यादीत चौदावं नाव आहे. हार घालून कुणी वाचत नाही गं. फोटो शोधत बसण्यापेक्षा पुस्तक मिळव, आणि भाषणं कापून वाचनाला अर्धा तास काढ. पाहुणे रागावले तर रागावू देत.

आता तुझ्या गावाबद्दल. ‘आमच्याकडे कुणी नोंद घेण्यासारखी नाही’ असं लिहिलंयस. पूर्वी मीही असंच लिहायचो. गावावरच्या माझ्या पहिल्या पुस्तिकेत बायका आल्या त्या कुणाच्या तरी ‘सुविद्य पत्नी’ म्हणून. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांची नाळ कापणारी सुईण त्यात ‘सुईणआजी’ एवढीच. प्रकाशनाच्या दिवशी तिच्या नातीने विचारलं, “आजीचं नाव काय लिहिलंय?” मी पानं चाळत राहिलो.

लग्नात बाईचं आडनाव बदलतं, आणि तेव्हा बऱ्याच ठिकाणी नावही बदलायचे. त्यामुळे सासरच्या कागदात ती हरवते. माहेरी शोध. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर बघ, कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही बघ, आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या हक्कबदलाच्या नोंदी, तर नक्की बघ. बाप मेला की वारसांत लेकींची नावं लागतात. पुढच्याच नोंदीत त्या भावांच्या नावे हक्क सोडतात. असा उलटा हिशेब आहे: जमीन जाताना नाव मिळतं.

सुईणआजी मला तिथेच सापडली. वडिलांच्या पाच एकरांतला हिस्सा सोडल्याची नोंद, तिचं माहेरचं पूर्ण नाव, आणि शेजारी निशाणी डावा अंगठा. शाई जरा फिसकटलेली. ज्या हाताने आम्हाला बाहेर काढलं, त्याच हाताची.

सोमवारी तलाठी कार्यालयात जा, बाजाराच्या दिवशी नको. भिंग घेऊन जा.

तुझा,
सर