नवीन खोली, जुनी शिस्त
सगळं नीटनेटकं मांडायची तुझी सवय नव्या खोलीत चालेल का, असं विचारलंस. चपला एका रेषेत, हँगर एकाच तोंडाने, हे खुशाल कर. फक्त सांगलीत विश्रामबागला तिघांत खोली घेतलीयस, तर शिस्त तुझ्या फळीपुरतीच ठेव. दुसऱ्याचं अंथरूण सरळ करायला गेलास की भांडण ठरलेलं.

सांगलीत या सवयीचा खरा उपयोग पावसाळ्यात होतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तेव्हा सगळी कागदपत्रं जूनआधीच एका प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर, कायम तिथंच. २०१९ च्या महापुरात शोधाशोध करायला वेळ कुणाला होता?

कुलूप मात्र एकदाच ओढून बघ. तपासण्या-मांडण्यात रोज तासाभराहून जास्त वेळ जायला लागला, किंवा नाही केलं तर जीव घाबरा व्हायला लागला, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. औषधं आणि समुपदेशन, दोन्हींचा गुण येतो.